अम्मीची चौऱ्याऐंशीवी गोळी

भाई,

तू आल्याआल्या बॅग याच खाटेवर उघडणार, म्हणून चिठ्ठी इथे ठेवलीय. थांब, आधी वाच, मग चेन ओढ.

लॅबमधून आत्ताच फोन आला. अम्मीच्या रक्तात व्हायरस सापडला नाही! रिपोर्ट आणायला मी महाडला पळतेय, नाहीतर वीर स्टेशनला तुला घ्यायला मीच आले असते.

कसला व्हायरस, विचारशील. लिव्हरचा, हिपॅटायटिस सी. तीन महिने औषध चालू आहे. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती, ती आज मोडली. ओरडायचं तर मला ओरड, तिला नको.

आता नीट ऐक. तू गल्फहून आणतोस त्या ॲसिडिटीच्या पुदिन्याच्या गोळ्या आज तिच्या नजरेलाही पडू देऊ नकोस. त्यांनी पोटातलं ॲसिड मेलं की व्हायरसची गोळी अंगी लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने तुझ्या मागच्या खेपेतली एक लपून चघळली आणि डॉक्टरांनी झापलं मला! मागितलीच तर "आणल्याच नाय" म्हणून सांग.

व्हायरसची शेवटची गोळी आज आहे, फ्रिजवरच्या डबीत. दुपारी जेवली की द्यायची. त्र्याऐंशी गोळ्या मी दिल्या आणि त्र्याऐंशी वेळा "मला काय झालाय गो?" ऐकलं. शेवटचीही मीच देणार होते.

पण तुझ्या हातची ती न भांडता घेईल. तूच दे.

रिम्शा