ईराचा किल्ला, माझा फोटो

५ ऑक्टो., रवि.
गॅरेजमध्ये दिवाळीचा किल्ला सुरू. गाडी बाहेर, नेपरव्हिलच्या गारठ्यात. ईरा राजगड करेल म्हणून मी व्हिडिओ शोधून ठेवले होते. तिला उन्हाळ्यात जर्मनीत पाहिलेला तोच किल्ला हवाय. डोंगरावर किल्ला, खाली जुनं गाव, चर्च, नदी. तिथे पुलावरून हलायलाच तयार नव्हती, माझ्या कॅमेऱ्याने फोटो काढत बसली होती.
"बाबा, इट्स अ फोर्ट. व्हॉट्स द प्रॉब्लेम?"
मी राजगडाचा व्हिडिओ पुन्हा लावला. मीनल म्हणाली, "करू दे रे तिला."

१५ ऑक्टो.
काम झकास झालंय, कबूल. पुठ्ठ्याची उतरत्या छपरांची घरं, डोंगरावर आळीव उगवलेत. पण मंडळाच्या ग्रुपवर किल्ल्यांच्या फोटो-स्पर्धेसाठी इतरांचे प्रतापगड, सिंधुदुर्ग येऊ लागले. म्हणतील, पोरीला काही शिकवलंच नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.
केलं. घरूनच काम, ई. शाळेत. चर्च उचललं, बुरुजावर महाराज बसवले, भगवा लावला. जमिनीवर आडवा पडून फोटो, खालचं गाव फ्रेमबाहेर. 'किल्ले राजगड' लिहून स्पर्धेला पाठवला. मग सगळं जागच्या जागी ठेवलं.
संध्याकाळी ई.: "बाबा, व्हाय इज द चर्च बॅकवर्ड्स?"
म्हटलं, वाऱ्याने फिरलं असेल. बंद गॅरेजमध्ये वारा! लाज वाटली, तरी तेच पुन्हा सांगितलं.

१८ ऑक्टो.
ई.ने तिचा फोटो काढला. हुबेहूब जर्मनीतल्या पुलावरची ती संध्याकाळ. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. "पाठव हं नक्की." हो म्हणालो. घरटी एकच फोटो चालतो. नाही पाठवला.

२१ ऑक्टो.
पहिला नंबर. मंडळाच्या दिलीपकाकांचा फोन, "अरे, याला म्हणतात संस्कार!" कानशिलं तापली. रविवारी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर फोटो दाखवणार, ई.ने स्टेजवर येऊन किल्ल्याची माहिती सांगायची.
ई. नाचतेय घरभर. तिला वाटतंय, तिचाच फोटो.
मीनलला सगळं सांगितलं. म्हणाली, "तिला तू सांगायचंस. मी नाही. आणि काकांनाही तूच."

२४ ऑक्टो., शुक्र.
काल सांगणार होतो. परवाही.
आज तिच्या खोलीत गेलो, तर आरशासमोर उभी राहून मराठीत पाठ करत होती. "हा किल्ला डोंगरावर आहे. खाली जुनं गाव आहे..." अडखळली, पुन्हा पहिल्यापासून. एरवी मराठीत एक वाक्य बोलायला किती मनधरणी करावी लागते हिची.
मला पाहून म्हणाली, "बाबा, तू फ्रंट रो मध्ये बस. मी विसरले तर सांग, ओके?"
"बरं," म्हणालो.
ती पुढे म्हणू लागली. मी तिथेच, पलंगाच्या कडेला, ऐकत बसलो. सांगायचं आजही राहिलं.