बिनदांड्याची सायकल

ठाणे, शनिवार, १३ डिसेंबर १९९७

भाच्याचं नाव का सांगितलं मी? संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. गुडघ्यांसाठी सायकल चालवा, असं डॉक्टरांनीच सांगितलंय, मग त्यात लाजायचं काय? पण दुकानदाराने "परदेशातून नवीनच आल्यात या बॅटरीवरच्या. कुणासाठी हवी?" विचारलं आणि मी म्हणून बसले, "संदीपसाठी. भाचा माझा."

त्याने लगेच दांड्याची सायकल काढली. म्हटलं, बिनदांड्याची दाखवा.

"अहो मावशी, मुलगा लेडीज सायकल चालवणार?"

"त्याला दांडा आवडत नाही." काय हे उत्तर! छप्पन्न वर्षांची बाई मी!

तो हसला. "मग तुम्हीच बसून बघा."

पदर खोचून बसले. पायडल मारलं, बटण दाबलं, आणि गल्लीतला चढ गुडघ्यांना कळलाच नाही. शाळा सुटल्यापासून सायकलला हात नव्हता लावला. तीन फेऱ्या मारल्या तरी उतरावंसं वाटेना.

आता हॉलमध्ये उभी आहे, चार्जिंगला लावलेली. दहादा उठून बघून आले. आणि पावतीवर नाव संदीपचं! बिनदांड्याची सायकल, आणि नाव त्याचं?

छे. उद्या दुकान उघडलं की जाते आणि नाव बदलून घेते. चालत नाही, सायकलवरून.