हरल्याचा मलिदा

बाबा, उद्या कल्याणच्या फडात तुमच्या नातवाची कुस्ती आहे. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. मान तुमचीच आहे, हट्टही तुमचाच. सकाळपासून तो घरभर गुणगुणत फिरतोय आणि मी भांड्यांवर राग काढतेय. तुम्ही मला शाळेत घातलंत म्हणून निदान हे लिहिता तरी येतंय.

आपण यहुदी, गावाच्या तोंडी शनिवार तेली. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घाण्याचा बैल सोडायचा तो रविवारीच जुंपायचा. ठाण्याच्या तालमीतल्या मारुतीला मात्र तेल नेमकं शनिवारी लागे, म्हणून तुम्ही शुक्रवारीच बुधली पोचवून येत असा. दुसऱ्या दिवशी सगळी तालीम मारुतीपुढे आणि तुम्ही आपल्या प्रार्थनेला. वस्ताद हसून सांगत, "आमच्या तेल्याला शनिवार सोडून कधीबी लढवा." त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आईचा घोर वेगळाच होता. तुम्ही कुस्तीला निघालात की ती तुमच्या उजव्या खांद्याकडे बघत राही. तो आधी एकदा निखळला होता. "हा हात गेला तर घाणा काय मी ओढू?" ती विचारी. तुम्ही म्हणत, "अगं, एलियाहू हन्नबीला नवस बोल. जिंकलो तर मलिदा कर." ती नुसती मान हलवी.

तुमची शेवटची कुस्तीही कल्याणलाच झाली. बैलगाडीतून उतरलात ते हात गळ्यात बांधून, पाठभर फडातली माती घेऊन. कोण जिंकलं ते विचारायची गरजच नव्हती. वस्ताद खांदा चाचपून म्हणाले, "आता पुरे." आणि त्याच आठवड्यात आईने पोहे भिजवले, गूळ-खोबरं कालवलं, वर फळं मांडली, शेजारपाजार बोलावला. मी दाराशी उभी आहे. तुम्ही ताटाकडे बघता आणि हळूच विचारता, "हरल्याचा मलिदा?" आई मान वर करत नाही. "जिंकायचा नवस मी बोललेच नव्हते. तुमची कुस्ती सुटू दे, माणूस घरात राहू दे, एवढंच मागितलेलं." उजवा हात झोळीत, म्हणून तुम्ही डावा पुढे करता, मग लाजून मागे घेता. शेवटी आईच तुम्हाला भरवते.

तुम्ही खाल्लंत. पण पुन्हा तालमीकडे फिरकला नाहीत. शुक्रवारची बुधलीही दुसऱ्याच्या हाती जाऊ लागली. मला आईचा भयंकर राग आला होता. नवऱ्याच्या पाठीमागे त्याच्या हरण्यासाठी हात जोडायचे, ही कसली माया? ती जाईपर्यंत मी तो राग सोडला नाही.

मघाशी पोरगा चुलीपाशी येऊन बसला. "आई, नवस बोललीस ना गं?" मी म्हटलं, बोलले. खूश होऊन तो झोपायला गेला.

या पत्राला पत्ता नाही, तेव्हा ते कुठे जायचं नाही. तुम्हाला म्हणून सांगते, बाबा. पोराला जिंकू दे म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं. बाहेर आले ते आईचे शब्द.