माळ्यावरची किसणी

१३ फेब्रुवारी १९५५, हिंगणघाट
रविवार. कापसाच्या जिनाला सुट्टी. दुखवट्याचं वर्ष, घरात पापड-कुरडया करायच्या नाहीत. शेजारच्या वच्छलाकाकू त्यांच्या अंगणात आपला बटाट्याचा कीस घालून देणार. बटाटे आपले. किसणीही आपली हवी म्हणाल्या, आळीत तशी दुसरी नाही.
आपल्या शांतेच्या आईने ती जाम गावच्या बाजारात निवडली होती. पत्रा उन्हाकडे धरून एकेक भोक पाहिलं, मागून अंगठा फिरवला, चार परत केल्या. दुकानदार कंटाळला होता.
दिवाळीनंतर ती वारल्यावर मीच किसणी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. आज माझ्या आईने मला न विचारता खाली काढली. तांबूस गंज. आई राख-चिंचेने घासत बसली.

१४ फेब्रु.
संध्याकाळी जिनातून आलो तर शांतेच्या बोटाला चिंधी. काकूंकडे किसायला बसली होती. बटाटा संपत आला, हात घसरला, पेराची साल गेली. काकू अंगण सारवत होत्या, तशाच उठून आल्या.
म्हणाल्या, "जरासंच खरचटलं, भाऊजी. शेणाचा हात दाबला, रक्त लगेच थांबलं."
चिंधी सोडली. जखमेत हिरवं. गरम पाण्याने धुतलं, शां. रडली.
दिवाळीत हिच्या आईचा अंगठा याच किसणीवर खरचटला होता, खोबरं किसताना. नंतर दातखीळ बसली. डॉक्टरांनी विचारलं, कुठे जखम? तेव्हा आठवलं. धनुर्वात म्हणाले.
आईला ते पटत नाही. "तिच्या पायात काटा गेलता, नारायणा. किसणीचं नाव कायले घेतं?"
काटाही गेला होता, खरं आहे.

१५ फेब्रु.
सकाळच्या गाडीने शां.ला घेऊन वर्ध्याला, दवाखान्यात. आधी कातडीखाली थोडं टोचून पाहिलं, सोसतं का, मग धनुर्वाताचं मोठं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरं केलंत, पण दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. तोंड उघडायला त्रास झाला, मान आखडली, तर घरी थांबू नका.
शां. बाहेर बाकावर पाय हलवत होती. तिला सांगितलं, बोट पिकू नये म्हणून सुई.

१७ फेब्रु.
रोज सकाळी तिला "आ" करायला लावतो. दात पाहतो म्हणतो. आज म्हणाली, "बाबा, दात कालच तर पाह्यले तुमी." हसली. तोंड पूर्ण उघडलं. मग कामावर गेलो. दुपारी रुईच्या बोज्यांवर नंबर चुकीचे टाकले, मुनीमजींनी पाहिलं.

१८ फेब्रु.
किसणी टाकून द्यावी म्हणून घेतली आणि घासतच बसलो. विटेची भुकटी, उकळतं पाणी, ऊन, वरून तेलाचा हात. भोकांच्या कडांत तांबूस आहेच. पुन्हा गुंडाळली. टाकवत नाही. घरातही ठेववत नाही.

२० फेब्रु.
बाजारात गेलो, नवीन घ्यायला. पितळेची, गंज नको. उन्हाकडे धरून पाहिलं. मागून अंगठाही फिरवला, काय पाहायचं ते मला कळत नव्हतं. दुकानदार म्हणे, "बाई नाई आल्या काय? माणसं किसणी घेतच नाईत. पितळ लवकर बोथट होते, मग बाई बोलतीन तुमाले."
तीच घेतली.

२१ फेब्रु.
शां. उठली ती मान धरून. वळवता येईना. आईने तेल चोळलं, "उशी टाकून आडवीतिडवी झोपली, दुसरं काय." तासाभराने शां. अंगणात दोरीवरून उड्या मारत होती.
मी मात्र दिवसभर घरीच. संध्याकाळी आईही शां.ला मांडीवर घेऊन मान चाचपत होती. मला पाहून हात काढला.

२२ फेब्रु.
शां.ने किसायचं नाही, असं मी सांगितलं. गाजरं मीच किसली. आई दारातून बघत म्हणाली, "किसून राह्यला का सतार वाजवून राह्यला? वरून खाली एकच हात मार. शेवटचा तुकडा सोडून दे, तो तोंडात टाकाचा असते."
शेवटचा तुकडा सोडला नाही. पेर घासलं. मोरीत जाऊन धुतलं, हात धोतरात धरला. आईच्या लक्षात आलं नाही. शां. पाणी घ्यायला आली होती, तिने पाहिलं.

२४ फेब्रु.
सकाळी दाढीचं सामान काढत होतो. शां. समोर येऊन उभी.
"बाबा, आ करा."
काऊन, विचारलं.
"आईचं तोंड कोणी पाह्यलं नाई ना रोज."
इतके दिवस तिला सगळं माहीत होतं. मी आ केला. तिने खाली वाकून, वर पाहून, बराच वेळ पाहिलं. बरं आहे म्हणाली. मग स्वतः तोंड उघडलं, मी न सांगता. उजवीकडे थोडं दुखते म्हणाली. दात हलत असेल, तिच्या वयाला हलतातच. बोट लावून पाहिलं. हलल्यासारखं वाटलं. पुन्हा पाहिलं, सांगता येत नाही.
जिनात चिठ्ठी पाठवली. आईने दशम्या बांधून दिल्या. शां. वेणी घालून बसली आहे. आता वर्ध्याच्या गाडीला स्टेशनवर निघतो.