ह्यांच्या वाटणीचं दूध

४ फेब्रुवारी १९४६

आज सासूनं, आत्याबाईंनी, पुन्हा मारलं. उलथण्यानं, मनगटावर. का — तर केरबाच्या ताटात मी तूप कमी वाढलं!

मनगट सुजलंय, तरी लिहिणार. दसऱ्याच्या कुस्त्यांत ह्यांची मान मोडली, हे गेले. पण पैलवानाचा खुराक घरातून गेला नाही. तांब्याभर दूध, तूप, बदाम — ह्यांचं सगळं आत्याबाई धाकट्या पोराच्या, केरबाच्या, पोटात ओततात. त्याचं त्याला असतंच, वर हे! आणि तालीम बंद, पळणं बंद, झाडावर चढणं बंद. त्यालाही काही झालं तर, म्हणून. नऊ वर्षांचा माझा दीर, ओसरीवरून उठताना धापा टाकतो.

माझ्या ताटात चटणी-भाकरी. पांढऱ्या कपाळाला दूध कोण देतंय!

७ फेब्रुवारी

पोरांनी 'रेडकू, रेडकू' करत केरबाला ढेकळं मारली. त्याला पळताच येईना. कानामागं फुटलं. आत्याबाईंनी रक्त पुसलं आणि वर वाटीभर शिरा चारला.

१० फेब्रुवारी

सांगलीला नेलं. दवाखान्याचा जिना चढताना केरबा मधेच बसला, ओठ काळेनिळे. डॉक्टर आत्याबाईंवर कडाडले — भाकरी, पालेभाजी, ताक द्या, रोज पळू द्या. 'बाई, लाडानं पोर मारताय तुम्ही.'

वाटभर आत्याबाई त्या डॉक्टरच्या मढ्यावर माती लोटत होत्या.

११ फेब्रुवारी

केरबाला मी चोरून मळ्यापर्यंत पळायला लावलं. ओकला. मग हसला!

१५ फेब्रुवारी

कळलं त्यांना. केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. 'माझा एक खाल्लास, आता दुसराबी खातीस व्हय गं?'

मग मीही सोडलं नाही. हात धरला, पिरगाळला. मोडावा असंच वाटत होतं — खोटं कशाला लिहू! त्या किंचाळल्या, मला चावल्या.

केरबानं दुधानं भरलेला तांब्या उचलला आणि दगडी उंबऱ्यावर आदळला. दूध भिंतीपर्यंत उडालं.

'आये, मी दादा न्हाई. दादाचं मला नगं.'

आत्याबाई तिथंच खाली बसल्या, सांडलेल्या दुधात. ह्यांचं नाव घेऊन रडल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

१८ फेब्रुवारी

केरबा दिवसाउजेडी मळ्याकडं पळत गेला. आत्याबाई दारात उभ्या होत्या. अडवलं नाही.

१९ फेब्रुवारी

केरबाला भाकरी-मेथी वाढून आत्याबाईंनी तो चेपलेला तांब्या भरला आणि माझ्यापुढं ठेवला. 'त्येची वाटणी तुझी हाय. पी. लय वाळलीस.'

मी प्याले.