तिशीची मिरपूड

प्रिय दित्ते,

'प्रिय' लिहिलंय ते रीत म्हणून, फार मनावर घेऊ नकोस. तुझी पत्रं मी न वाचता कचऱ्यात टाकत आले. आज माझं पाकीट बघून तुला वाटेल, सिसेल विरघळली. नाही विरघळले.

माझा पंचविसावा वाढदिवस तुला आठवतच असेल. बिनलग्नाचं राहिलं की पंचविशीला अंगावर दालचिनीची पूड उधळायची आणि तिशीला मिरपूड, यातून आपल्याकडे कुणाची सुटका झालीय? त्याचा राग नाही. पण मी तुला आधी विनवलं होतं. मंगळवारी ऑर्हुसमध्ये त्या वास्तुकार बाईंकडे माझी मुलाखत होती. कॉलेज संपून वर्ष होत आलेलं, आईच्या सोफ्यावर परतायची पाळी आलेली. हा सोहळा पुढच्या रविवारी कर, म्हटलं. तू हसून म्हणालीस, "वाढदिवस कधी पुढे ढकलतात का गं? दोनदा धुतलंस की जातो वास."

मग मुलाखतीच्या आदल्या रविवारीच तू मला कालव्याकाठच्या दिव्याच्या खांबाला चिकटपट्टीनं बांधलंस, डोळ्यांवर पोहायचा चष्मा चढवलास, पूड नीट बसावी म्हणून आधी पाण्यानं भिजवलंस. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत होते. तेव्हा तुझ्यावर इतका जीव होता, की खांबासकट पाण्यात ढकललं असतंस तरी हसले असते.

धुऊन धुऊन कातडी सोलवटली, तरी मंगळवारी माझे कान तांबूस होते आणि त्या बंद खोलीत घमघमाट सुटला होता. बाईंना शिंका आवरेनात. "वाढदिवस झाला वाटतं?" म्हणत त्यांनी खिडकी उघडली आणि बाकीचे प्रश्न तिथूनच विचारले. माझ्या नकाशांजवळ त्या फिरकल्याच नाहीत. बाहेर आले, तर बाकावर तू. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर नकाशांची गुंडाळी. माझ्यानंतर तुझी वेळ होती.

अर्ज केलास, ते मी समजू शकते. जागा एकच आणि दोघी रिकाम्या. पण एका खोलीत राहून, एका भांड्यात शिजवून खाऊन, तू मला सांगितलं नाहीस. नोकरी तुला लागली. "तू हुशार आहेस, तुला कुठेही मिळेल," असं तू म्हणालीस तेव्हा तुझ्या नखांत अजून माझी दालचिनी होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

कुठेही म्हणजे आपल्या गावातली बेकरी. पहाटे उठून दालचिनीचे रोल वळते. हसायचं तर हस, वर्षभरानं मलाही हसू यायला लागलं. आता पीठ मळायला मला आवडतं, पण ते तुझं पुण्य नव्हे.

तुझी आई दर शनिवारी पाव न्यायला येते आणि तुझ्या बढत्या ऐकवते. मीही मग तिला मुद्दाम कालचे पाव बांधून द्यायचे. गेल्या शनिवारी मात्र तिनं नुसती पिशवी काउंटरवर ठेवली. मग सांगितलं, की तुमचं ऑफिस बंद पडलं, तुझ्यासोबत राहणारा तो मॅस घर सोडून गेला आणि तू आईकडे तुझ्या जुन्या खोलीत पडदे ओढून असतेस. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आणखी टोचावं म्हणून मी विचारलं, "तिशी आली ना तिची? मिरपूड टाकायला कोण कोण येणार?" ती म्हणाली, "बाहेरगावी जातेय म्हणून सांग, असं मला बजावलंय तिनं. पण सांगू कुणाला? विचारलंच नाही गं कुणी." त्या दिवशी मी तिला ताजे पाव दिले.

म्हणून हे पत्र. ही माफी नाही, तिची वाटही बघू नकोस. पण तिशीच्या दिवशी कोरड्या अंगानं घरात बसून राहायची वेळ माझ्या वैरिणीवरही येऊ नये, आणि वैरीण म्हणावी अशी मला तू एकटीच आहेस. येत्या शनिवारी दुकान आटोपून मी येतेय. मिरपूड मालकानं घाऊक मागवून दिलीय, तुमच्या दारासमोरचा खांबही बघून ठेवलाय. चष्मा तुझा तू शोध. आणि त्या आठवड्यात तुझी कुठे मुलाखत असली तर आधी कळव. वाढदिवस पुढे ढकलता येतो.

तुझीच, नाइलाजानं,
सिसेल