अर्जात माझं नाव नव्हतं

प्रिय ताई,

तर डोकंबिकं काही दुखत नव्हतं माझं. कोर्टाच्या व्हरांड्यात तू विचारलंस, अशी का बसलीस, आणि मी तोंडाला येईल ते ठोकून दिलं. मी रुसले होते. वकीलबाईंनी आत बोलावलं तेव्हा तू तुझी पर्स त्या तुझ्या लॅबमधल्या एक्स-रेवालीकडे दिलीस आणि माझ्या हातात पाण्याची बाटली. ती तुझ्याबरोबर आत, मी बाकावर. मांडीवर माझा फोल्डर. प्रोटेक्शन ऑर्डरबद्दल मिळेल ते सगळं वाचून, प्रिंट काढून, रंगीत चिकटपट्ट्या लावून ठेवलेलं. कुठला पुरावा चालतो, तात्पुरता आदेश कसा मागायचा, नवऱ्याला कशाकशाची मनाई करता येते, तू विचार फक्त! पण तू विचारलंच नाहीस. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी विचारलं. त्यांना सगळं इतकं रंगात येऊन सांगितलं की त्या म्हणाल्या, "तू वकील आहेस का गं?" म्हटलं, नाही हो, चष्म्याच्या दुकानात असते.

खरं सांगू? भाऊजींचा जेवढा राग येतो ना, त्याच्या खालोखाल मला तिचा यायचा. (बघ, अजून भाऊजीच म्हणते. जिभेची सवय मेली जात नाही.) तुमची लॅब एकच, तू बाहेर नावं लिहून घेणार, ती आत मशीनवर. तुझं मनगट दुखायला लागलं, तिने फोटो काढला, जुनं मोडून जुळलेलं हाड दिसलं, आणि तिने दार लावून विचारलं, "कोणी केलं?" झालं. तू सांगून मोकळी. मला काय सांगितलं होतंस? बाथरूममध्ये पाय घसरला. आणि मी येडी! नेटवरचे सगळे रिव्ह्यू वाचून तुला न घसरणारी रबरी मॅट आणून दिली. वर दर फोनला विचारायचे, मॅट कशी आहे? तू म्हणायचीस, छान आहे गं, पाय अगदी घट्ट बसतो. ताई, तेव्हा तुला हसू यायचं की रडू?

मग तू घर सोडलंस, नंबर बदललास, नवी खोली घेतलीस. पत्ता फक्त तिला आणि वकीलबाईंना. आईलासुद्धा नाही, पण आईचं काय, ती म्हणते, "ती सुखरूप आहे ना? मग सांगेल तेव्हा सांगेल. तू कशाला मांजरासारखी पायात पायात करतेस?" मी करतेच. मी आईला विचारत राहते, ताईचा फोन आला होता का, किती वेळ बोलली, मागे कोणाचा आवाज होता. सोमवारी सकाळी तर डबा भरता भरता मी आईला म्हणाले, "मी तिच्यावर एवढा जीव टाकते, आणि तिने जवळ केलं परकीला." आईने डब्याचं झाकण असं आपटलं की मी डबा उचलून दुकानात निघालेच.

माझं हे परकीचं वाक्य नीट लक्षात ठेव. कारण त्याच दिवशी दुपारी भाऊजी दुकानात आले.

दुकानात मी एकटीच होते, एका काकांच्या चष्म्याची काडी घट्ट करत. "काय मेहुणीबाई," म्हणाले, "एखादा चष्मा आम्हालाही दाखवा. आमच्याच घरात काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही म्हणतात." तेच हसणं गं. मला स्कूटर शिकवताना हसायचे ते. काका आपला चष्मा घेऊन गेले, आणि यांनी खिशातून कागद काढून काचेवर पसरला. कोर्टाच्या तात्पुरत्या आदेशाची कॉपी. ज्यांना भेटायचं नाही, फोन करायचा नाही, ज्यांच्या कामाच्या जागी फिरकायचं नाही, त्यांची नावं होती. तू. आई. आणि ती. "तुझं शोध," म्हणाले. मी शोधलं, ताई. दोनदा शोधलं. नव्हतं. "म्हणजे मी इथे उभा राहिलो तर काही गुन्हा नाही. तुझ्या ताईने तुला धरलंच नाही कशात." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "तुला आणि मला एकाच माळेत ओवलं बघ तिने. मी तिच्यावर एवढा जीव टाकला, आणि तिने जवळ केलं परक्यांना."

माझं वाक्य. जसंच्या तसं. भाजीवाल्याने सुट्टे परत द्यावेत तसं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

मग विचारलं, "कुठे राहते ती? मला फक्त बोलायचंय. तुला माहीत असेल की. सख्खी बहीण तू." मी म्हटलं, नाही माहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना पटलं, कारण ते खरंच होतं. जाताना दारातून म्हणाले, "हल्ली लॅबच्या मागच्या दाराने सुटते ना? सांग तिला, मागच्या गल्लीतही माणसं असतात."

तुझा नंबर माझ्याकडे नाही. म्हणून मी पहिला फोन कोणाला केला सांग? तुझ्या एक्स-रेवालीला. तिने आधी तुला त्या दाराने जायचं नाही म्हणून बजावलं, ते तुला माहीतच आहे. पण मग ती मशीनवर दुसऱ्या कोणाला तरी बसवून दुकानात आली. मला वाटलं, आता झापणार. तर म्हणाली, "तू जेवलीस का?" काउंटरमागे बसून आम्ही दोघींनी माझा गार डबा खाल्ला. तिनेच सांगितलं, माझं नाव तू मुद्दाम काढायला लावलंस म्हणून. वकीलबाईंनी लिहिलं होतं, तू म्हणालीस, "ती नको. तिचं नाव दिसलं की तो तिच्या दुकानात जाऊन उभा राहील." अगं ताई! नाव नव्हतं म्हणूनच तर आले ना! त्यांना मनाई नव्हती असं एकच दार राहिलं होतं, आणि ते तू माझ्या काळजीने उघडं ठेवलंस. माझ्या फोल्डरमध्ये होतं गं, मदत करणाऱ्यांची, नातेवाइकांची, सगळ्यांची नावं घालायची म्हणून. हिरवी चिकटपट्टी.

वकीलबाईंशी मी बोलले आहे. पुढच्या तारखेला माझं नाव घालायचा अर्ज देता येईल, आणि दुकानात काय झालं ते मी कोर्टात सांगणार आहे. मागच्या गल्लीचं वाक्यसुद्धा. मी घाबरत नाही. म्हणजे घाबरते, पण सांगीन. एवढंच असतं तर निरोप पुरला असता. पत्र अशासाठी, आणि ते एक्स-रेवालीच्याच हाती पाठवतेय, की ती म्हणाली, आता धाकटीलाही पत्ता असू दे, मी ताईला विचारते. दोन महिन्यांपूर्वी मी नाचले असते. पण त्या काचेवर वाकून माझं नाव शोधताना, ते दुसऱ्यांदा सापडलं नाही तेव्हा, मला पत्ता माहीत असता तर मी सांगून टाकला असता. तुझं वाईट व्हावं म्हणून नाही. मलाही माहीत आहे, मीही तिची कोणीतरी आहे, एवढं फक्त त्यांना दाखवायला. आज त्यांनी विचारलं तर नाही सांगणार असं वाटतं. पण वाटतं, एवढंच म्हणू शकते. आदेशात माझं नाव तर घालच. पत्त्याचं मात्र तू ठरव, मी रुसणार नाही. तुला काय वाटतं ताई, मला सांगावास, की इतक्यात नको?

तुझीच,
धाकटी